मोकळी हवा, पॉइंटसह

राज्य सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हाच निसर्गाची मोठी गैरसोय दूर झाली होती. एकलहऱ्याच्या एका कुटुंबाने यंदा कोजागरीच्या शनिवार-रविवारी ते अमलात आणले. तिथल्या औष्णिक वीज केंद्राच्या धुराड्यांपासून लांब, भंडारदऱ्याला मोकळी हवा खायची, म्हणून भाड्याचा ट्रेलर गाडीमागे जोडला. आत एसी, फ्रिज, मायक्रोवेव्ह, टीव्ही. निसर्गासाठी खिडकीही होती. पडद्यावर उजेड येतो म्हणून ती तेवढी झाकावी लागली.

जलाशयाकाठी उतरताच वडिलांनी, कुटुंबप्रमुखाला शोभेल असा, पहिला प्रश्न विचारला : "प्लग पॉइंट कुठंय?" चांदणे, गारवा, प्रवरेचे पाणी हे विषय नंतर घेण्याचे ठरले. कोजागरीचे दूध मायक्रोवेव्हमध्ये विधिवत तापले. एसी रात्रभर चालू होता. एकलहऱ्यात २१० मेगावॉटचे तीन संच उगाच नाहीत. मोकळी हवा गार करायला वीज लागतेच.

पुढच्या खेपेला डिझेल वाचवण्यासाठी ट्रेलर कॉलनीतच, दारासमोर लावणार आहेत. वायरही आखूड पुरेल. आईंची अट एकच : जेवायला घरात जायचे नाही, सहलीची मजा जाते.