दुरून गाडी साजरी

मोटारींच्या जगात एक नियम आहे आणि तो कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत नाहीत. स्वस्त स्पोर्ट्‌स कार जितकी लांब, तितकी ती देखणी. जितकी जवळ, तितके तिचे दोष मोठे. आणि ती थेट शोरूमच्या काचेआड येऊन उभी राहिली, की शौकीन माणसाला एकाएकी मुलांच्या शाळेची फी आठवते.

हा नियम सिद्ध करण्याचा सगळा खर्च टोयोटाने केला, त्याबद्दल मानवजातीने या कंपनीचे आभार मानायला हवेत.

जगभरातल्या गाडीवेड्यांची मागणी कित्येक वर्षं एकच होती. गाडी हलकी हवी. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना. गिअर हाताने टाकायचे. आणि किंमत अशी, की पगारदार माणसाला घर गहाण न टाकता घेता यावी. ‘एवढं द्या, मग बघा आम्ही कशा रांगा लावतो,’ असं ही मंडळी जपानच्या दिशेने तोंड करून सांगत होती. २००९ च्या टोकियो मोटर शोमध्ये टोयोटाने एफटी-८६ नावाची एक लालभडक गाडी फिरत्या फळीवर ठेवली आणि शौकिनांच्या डोळ्यांत पाणी आलं. नुसत्या संकल्पनेच्या गाडीसारखं सुख नाही. तिला किंमत नसते, हप्ता नसतो, विमा नसतो आणि मागच्या सीटवर सासूबाई कशा बसणार, हा प्रश्नही नसतो. दोन वर्षं तिच्यावर एकमुखी प्रेम झालं.

मग टोयोटाच्या हातून घोडचूक झाली. तिने ती गाडी खरोखरच बनवली.

२०११ च्या अखेरीस टोकियोतच तिचं अनावरण झालं. जपानमध्ये ती ‘८६’, युरोपात ‘जीटी-८६’, अमेरिकेत ‘सायन एफआर-एस’ आणि सुबारूच्या घरी तिची जुळी बहीण ‘बीआरझेड’. दोन लिटरचं, आडवं झोपवलेलं चार सिलिंडरचं बॉक्सर इंजिन, २०० अश्वशक्ती, वजन साडेबाराशे किलोच्या आत, मागच्या चाकांना ओढ, सहा गिअर आणि अमेरिकेत २४,२०० डॉलर किंमत. म्हणजे मागणीपत्रातल्या प्रत्येक कलमापुढे ‘मान्य’ असा शिक्का. आंदोलन यशस्वी झालं की आंदोलकांची जी पंचाईत होते, तीच इथे झाली. आता करायचं काय?

करायचं ते लगेच सुरू झालं. अनावरणाच्या दिव्यांची ऊब निवायच्या आत चार पंथ निघाले.

पहिला ताकदपंथी. ‘दोनशेच? अहो, टोयोटाची व्ही-६ कॅमरी २६८ अश्वशक्तीची आहे. सिग्नलला शेजारची आजी किराणा घेऊन पुढे निघून जाईल!’ हिशेब चूक नव्हता. सरळ रस्त्यावर कॅमरी खरोखरच पुढे गेली असती. मात्र घाटाच्या वळणावर आजींचा किराणा कुठे गेला असता, हे या पंथाने कधी मोजलं नाही. मौजेची गोष्ट अशी, की नव्या गाडीला ‘८६’ हे नाव ज्या जुन्या कोरोलावरून मिळालं, ती एई-८६ याच मंडळींच्या देव्हाऱ्यात होती. १९८३ ते १९८७ या काळातली ती गाडी जेमतेम १३० अश्वशक्तीची. ‘इनिशियल डी’ या जपानी चित्रकथेचा नायक याच गाडीतून डोंगरातल्या हॉटेलात टोफू पोचवतो. टोफू पोचवायला १३० पुरली. ऑफिसला जायला २०० पुरेना.

दुसरा टर्बोपंथी, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणाऱ्या यंत्राचा उपासक. हा पंथ आकाराने लहान, पण आवाजाने मोठा. त्याचं म्हणणं एकाच शब्दाचं असल्यामुळे त्याचा इथे विस्तार करत नाही.

तिसरा टायरपंथी. टोयोटाने गाडीला मिशेलिनचे अरुंद, बेताच्या पकडीचे टायर दिले होते. तसलेच टायर पेट्रोल वाचवणाऱ्या प्रियसलाही मिळतात, हा शोध लागताच हाहाकार उडाला. गाडीचे मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांच्या चमूने हे जाणूनबुजून केलं होतं. पकड कमी ठेवली की गाडी कमी वेगातही मागून हलकेच सरकते, आणि साध्या माणसालाही जीव धोक्यात न घालता गाडी चालवल्याचा आनंद मिळतो. रुंद टायरांच्या गाडीत तोच आनंद मिळवायचा तर वेग इतका वाढवावा लागतो, की सोबत वकील बसवावा. पण अभियंत्याने ग्राहकाचा विचार केला, ही गोष्ट शौकिनाला अपमानास्पद वाटते.

चौथा आलेखपंथी. हा सर्वांत विद्वान. मिनिटाला साधारण साडेतीन ते साडेचार हजार फेऱ्यांच्या दरम्यान या इंजिनाचा जोर किंचित ओसरतो आणि आलेखात तिथे एक खड्डा दिसतो. ज्यांनी ही गाडी कधी डोळ्यांनीही पाहिली नव्हती, त्यांना या खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली पाठ होती. आमच्या पुण्यातही या पंथाचे अनुयायी निघाले. ज्यांच्या फाटकासमोरच्या खड्ड्यात पावसाळ्यात अख्खी रिक्षा बसते, त्यांनाही जपानी आलेखातला हा खड्डा काही सहन होईना.

आता तुम्ही म्हणाल, एवढी टीका करायला माणसं मूर्ख होती का? मुळीच नाही. ती फार हुशार होती. गाडी न घेण्याची दोन कारणं असू शकतात: परवडत नाही किंवा पटत नाही. पहिलं कारण सांगितलं की माणूस लहान होतो, दुसरं सांगितलं की जाणकार ठरतो. स्वस्त स्पोर्ट्‌स कारचा खरा गुन्हा तिचं स्वस्त असणं हा आहे. फेरारीला कुणी नावं ठेवत नाही, कारण ‘मग घेत का नाही?’ असं फेरारीबाबत कुणी विचारत नाही. चोवीस हजार डॉलरची गाडी मात्र थेट अंगावर येते. तेव्हा टर्बोचा अभाव हाच एक आधार उरतो.

त्यातल्या त्यात मवाळ मंडळींनी तोडगा काढला: ‘थोडी जुनी होऊ दे, मग घेऊ.’ सगळेच शौकीन सेकंडहँडची वाट पाहत असल्यामुळे फर्स्टहँड घ्यायची कुणी, हा प्रश्न कंपनीवर सोडण्यात आला. पहिल्या लाटेनंतर अमेरिकेत विक्री उतरत गेली. २०१६ मध्ये टोयोटाचा सायन हा ब्रँडच बंद झाला आणि गाडी ‘टोयोटा ८६’ या नावाने पुढे विकली जाऊ लागली. सततच्या ओरडीला मान देऊन अमेरिकेतल्या हाताच्या गिअरच्या गाडीची ताकद दोनशेवरून वाढवण्यात आली. किती? पाच अश्वशक्तीने. सरकारी महागाई भत्त्याशी इतकं साम्य असलेला निर्णय मोटार उद्योगात दुसरा नसेल.

पुढे २०२१ मध्ये नवी ‘जीआर-८६’ आली. इंजिन २.४ लिटरचं, जपानी मापाने २३५ अश्वशक्ती आणि आलेखातला तो ऐतिहासिक खड्डा बुजवलेला. पंथांनी गाडी तपासली आणि निकाल दिला: टर्बो अजूनही नाही. शिवाय पहिल्या गाडीत जो निरागसपणा होता, तो हिच्यात राहिला नाही. पहिली गाडी बंद झाली होती ना! म्हणजे ती लांब गेली, आणि नियमाप्रमाणे देखणी झाली.

नियमाची उलटी बाजूही लवकरच दिसली. सुरक्षेचे नवे नियम येऊ घातल्यामुळे युरोपात ही नवी गाडी जेमतेम दोन वर्षंच विकली जाईल, असं जाहीर झालं. म्हणजे गाडी येतानाच जायला निघाली. ब्रिटनच्या वाट्याला आलेल्या पहिल्या गाड्या दीड तासात संपल्या. दहा वर्षं टर्बोवाचून अडलेली माणसं दीड तासात टर्बो विसरली. मग ज्यांना मिळाली नाही, त्यांनी कंपनीने गाड्या फारच थोड्या पाठवल्या म्हणून तक्रार केली.

भारतीय शौकीन या बाबतीत भाग्यवान. ही गाडी आपल्याकडे कंपनीने कधी विकायला आणलीच नाही, त्यामुळे तिच्यावरचं प्रेम अबाधित आहे. परीक्षेची वेळ आपल्यावर एकदाच आली, मार्च २०१७ मध्ये. टाटा मोटर्सने जिनिव्हाच्या मेळ्यात ‘टॅमो रेसमो’ नावाची दोन आसनांची गाडी उभी केली. इंजिन मधोमध, ओढ मागच्या चाकांना, १.२ लिटर आणि १९० अश्वशक्ती. तिला टर्बोसुद्धा होता! त्या आठवड्यात पुण्यातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये जे संवाद झाले, त्यांचा मासला असा:

‘काका, रेसमो बघितलीत? आपल्या टाटांची!’

‘बघितली रे. पण बाराशे सीसी? आणि गिअर आपोआप पडणार. त्यात चालवणाऱ्याचं काय राहिलं?’

‘मग घ्यायची तरी कुठली?’

‘जपानमध्ये ती ८६ आहे बघ. इथे आली असती ना, डोळे मिटून घेतली असती.’

‘पण तिला टर्बो नाही म्हणे.’

‘हवाय कुणाला टर्बो? नुसता दिखावा असतो तो!’

‘फोर्झा होरायझन ३’ या व्हिडिओ गेममध्ये रेसमो उतरवण्याची घोषणाही त्याच वेळी झाली होती. रस्त्यावर ती उतरलीच नाही. कंपनीने प्रकल्प गुंडाळला. हल्ली काका हळहळतात. ‘आपल्याकडे चांगल्या गोष्टीची कदरच नाही,’ असं ते उंच एसयूव्हीत चढता चढता म्हणतात. तिच्यातही टर्बो आहे, पण तो त्यांनी मागितला नव्हता. सनरूफ मागितलं होतं.

तेव्हा मोटार कंपन्यांना एक फुकटचा सल्ला. स्वस्त स्पोर्ट्‌स कार बनवायचीच असेल, तर अनावरण आणि निरोप समारंभ एकाच मांडवात उरकावेत. पडदा बाजूला होताच अध्यक्षांनी जड आवाजात जाहीर करावं, की ही गाडी आज दुपारपासून बंद होत आहे. तासाभरात सगळ्या विकल्या जातील. आणि टर्बो नसल्याबद्दल कुणी तक्रार केलीच, तर त्याला सांगावं, की पुढच्या गाडीत नक्की बसवू. पुढची गाडी मात्र चुकूनही बनवू नये.