कर्व्ह करणाऱ्या कलावंतास अनावृत पत्र

प्रति,
ऑर्डरनुसार बोधचिन्हांच्या वेक्टर फायली विकणारे अनाम कलावंत,
मुक्काम इंटरनेट

विषय : अक्षरांना मोक्ष मिळवून दिल्याबद्दल जाहीर आभार.

सन्माननीय कलावंत,
स. न. वि. वि.

आपली फाइल आमच्या गिऱ्हाइकाने रोख पैसे मोजून घेतली आहे, चोरलेली नाही, हे आधीच नोंदवतो. फाइल सुंदर आहे. वेलबुट्टी भिंतीएवढी मोठी केली तरी कड फाटत नाही. मधोमध फुगीर अक्षरांत दुकानाचं नाव आणि त्याखाली नाजूक अक्षरांत एकच शब्द : औरंगाबाद.

आता आमच्या गावाची हकिगत आपल्या कानावर आली असेलच. २४ फेब्रुवारी २०२३ ला केंद्राची मंजुरी आली आणि शहर छत्रपती संभाजीनगर झालं. त्याच वर्षी सप्टेंबरात जिल्ह्याचं नाव बदललं आणि २०२५ मध्ये रेल्वे स्टेशनचं. सरकारचं काम एकेका अधिसूचनेत उरकलं. बिलबुकं, रबरी शिक्के, पिशव्या आणि दुकानांच्या पाट्या मात्र गुलमंडीपासून जालना रोडपर्यंतच्या डीटीपीवाल्यांच्या वाट्याला आल्या. गिऱ्हाईक खुर्ची ओढून बसतं आणि म्हणतं, “भाऊ, फक्त गावाचं नाव बदला. फॉन्ट मात्र सेम पाहिजे.”

म्हणून त्या शब्दावर टेक्स्ट टूल टेकवलं. पाहतो तर तिथे शब्दच नाही! आपण कंट्रोल-क्यू दाबून त्याचे कर्व्ह, म्हणजे नुसत्या आकृत्या, केले होते. वर वेल्डही केलं होतं, त्यामुळे पाचही अक्षरं एका शिरोरेषेला जन्माची चिकटलेली. कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टचं नाव शोधलं, तर तिथेही सामसूम. मजकूर जिवंत ठेवून पीडीएफ दिली असती, तर तिच्या फॉन्टच्या यादीत सहा कॅपिटल अक्षरं, अधिक चिन्ह आणि पुढे फॉन्टचं नाव असा काहीतरी पत्ता लागला असता. तशीच ईपीएस दिली असती, तर नोटपॅडात उघडून नाव वाचलं असतं. आपण एकही पुरावा मागे ठेवला नाहीत. फौजदारी वकिलांनी आपली शिकवणी लावावी.

मग जुन्याच अक्षरांतून नवं नाव जुळवता येईल का, याचा हिशेब मांडला. जुन्या नावात अक्षरं पाच, नव्या नावात दहा. पाचांतून कापून काय मिळतं? शेवटचा ‘गर’, ‘भा’साठी एक काना आणि ‘सं’साठी एक टिंब. छ, त्र, प, ती, स, भ, जी, न हे सगळं कुठून आणायचं, ते आपण सांगितलेलं नाही.

चित्र दाखवलं की फॉन्टचं नाव सांगणारी संकेतस्थळं आहेत, पण त्यांचं शिक्षण मुख्यतः रोमन लिपीत झालेलं. देवनागरीचा फॉन्ट डोळ्यांनीच ओळखावा लागतो. ‘ग’ची गाठ भरीव की पोकळ, ‘द’ची शेपटी कुठे वळते, ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ किती उभी, काना आणि शिरोरेषा यांच्या जाडीत फरक किती, हे सगळं पाहायचं. मग संशयित फॉन्टात तोच शब्द लिहून आपल्या शब्दावर ठेवायचा आणि कडा जुळतात का ते बघायचं. नुसता ‘ल’ किंवा ‘श’ असता, तरी फॉन्ट मराठी वळणाचा की हिंदी, एवढं तरी कळलं असतं. आमच्या गावाच्या जुन्या नावात असं एकही चुगलखोर अक्षर नाही.

दरम्यान गिऱ्हाइकाने उपाय सुचवला : “दुसऱ्या फॉन्टात लिहा आणि तेवढ्याच जागेत दाबून बसवा.” नाव दुप्पट, जागा तेवढीच. आडवं दाबलं की उभे दांडे काडीसारखे होतात आणि शिरोरेषा मात्र मूळच्या जाडीची राहते. शेवटी आख्खी ओळच नव्या फॉन्टात, दोन ओळींत मांडावी लागते. अर्धी अक्षरं आपली आणि अर्धी आमची असली, की जोड लांबूनही दिसतो.

आपली बाजूही मला ठाऊक आहे. कर्व्ह न केलेली फाइल छापखान्यात गेली की काय होतं, ते आम्ही रोज भोगतो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं रोमन कळांच्या जागी बसलेली असतात. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर औरंगाबाद उघडलं, की ‘व्ही के एस जे ए एक्स के सी के एन’ असं नवंच गाव दिसतं. शिवाय विकतचा फॉन्ट फाइलीसोबत वाटायला परवाना आड येतो. तेव्हा कर्व्ह जरूर करा. पण फॉन्टचं नाव सांगायला कोणता परवाना आड येतो?

म्हणून पुढील मागण्या सादर करतो :

१. विकताना दोन प्रती द्याव्यात : एक कर्व्ह केलेली, छपाईसाठी, दुसरी जिवंत मजकुराची, दुरुस्तीसाठी.

२. पानाबाहेरच्या मोकळ्या जागेत फॉन्टचं नाव, वजन आणि अक्षरांचा आकार एका ओळीत लिहावा.

३. शक्य तिथे मुक्त परवान्याचे फॉन्ट वापरावेत. मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता आणि बालू तसे आहेत. त्यांची फाइलच सोबत जोडता येते, म्हणजे परवान्याचा प्रश्नही मिटतो.

हे जमणार नसेल, तर किमतीशेजारी ठळक अक्षरांत छापावं : ‘यातील मजकूर फक्त पाहण्यासाठी आहे.’ मग गिऱ्हाईक घासाघीस करायची ती आपल्याशी करेल, आमच्याशी नाही.

कळावे, लोभ नसला तरी चालेल, फॉन्टचं नाव तेवढं असावं.

आपला,
एक डीटीपी ऑपरेटर,
गुलमंडी, छत्रपती संभाजीनगर