पिकअपच्या वॉरंटी पुस्तिकेस अनावृत पत्र

प्रति,
वॉरंटी पुस्तिका,
मुक्काम डॅशबोर्डचा खण, डिझेल पिकअप (एमएच १७),
कोल्हार भगवतीपूर, ता. राहाता, जि. अहिल्यानगर.

विषय : हमी चालू असताना खिशातून कराव्या लागणाऱ्या दुरुस्त्यांबाबत.



डिझेल पिकअप म्हणजे एकूण वजन साडेतीन टनांच्या आत असलेली, पुढे दोन-तीन माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली मालवाहू गाडी. तिच्यावर कायद्याने साधारण दीड टन माल चढतो. हंगामात त्याहून अधिक चढतो, पण तो आकडा पुस्तिकेच्या कानावर कोणी घालत नाही. कोल्हारला ही गाडी इतकी का लागते ते नकाशावरच दिसते. नगर-मनमाड रस्ता येथे प्रवरा ओलांडतो, लोणी-संगमनेरमार्गे घोटीला जाणारा राज्यमार्ग येथूनच फुटतो आणि पूर्वेकडचा रस्ता बेलापूर-श्रीरामपूरला लागतो. पेरू, डाळिंब, कांदा, दुधाचे कॅन, उसाचे वाढे, खताच्या गोण्या यांची ने-आण वर्षभर चालू असते. मोठा ट्रक बांधापर्यंत जात नाही, रिक्षाला भार पेलत नाही. मधली जागा पिकअपने घेतली आहे. तीही बहुधा हप्त्यांवर.

पुस्तिकेतील सर्वांत वजनदार वाक्य मुदतीचे असते. तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. आकडे कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलतात, शेवटचे चार शब्द मात्र कोणीही बदललेले नाहीत. भाड्याची गाडी दिवसाला दीडशे किलोमीटर आणि वर्षाला तीनशे दिवस धावली, तर लाखाचा टप्पा सव्वादोन वर्षांत येतो आणि उरलेले नऊ महिने शोभेपुरते राहतात. उलट घरच्या मळ्यापुरती वापरलेली गाडी तीन वर्षांत चाळीस हजारांवर असते आणि साठ हजार किलोमीटरची हमी न वापरताच संपते. पुस्तिकेची ही समदृष्टी वाखाणण्याजोगी आहे. दोन्ही मालकांना ती सारखेच कमी देते.

मुदतीनंतर येते ती हमीत न बसणाऱ्या वस्तूंची यादी. क्लच प्लेट, ब्रेक लायनर, फिल्टर, बल्ब, वायपर, रबरी बुश हे झिजणारे भाग म्हणून वगळलेले असतात. टायरची तक्रार टायर कंपनीकडे आणि बॅटरीची बॅटरी कंपनीकडे न्यायची असते. इथवर तक्रारीला जागा नाही. झिजायचे ते झिजणारच. पुढचे कलम मात्र चवीने वाचावे असे आहे. गाडी बंद पडल्याने बुडालेले भाडे, वाटेत नासलेला माल, ओढून नेण्याचा खर्च आणि हप्त्यावरचे व्याज यांची जबाबदारी कंपनीवर नाही. पेरू तोडल्यावर मऊ पडायला फार वेळ घेत नाही. पिकअप दोन दिवस सर्व्हिस सेंटरच्या आवारात उभी राहिली, तर हमीत बदललेल्या पार्टच्या किमतीपेक्षा कॅरेटमधल्या पेरूची किंमत जास्त भरू शकते. पार्ट फुकट मिळतो, पेरू जातो.

तरीही खरे दुखणे या यादीत नाही. ते गाडीच्या सायलेन्सरकडे आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून त्यांचा दुसरा, अधिक कडक टप्पा आला. डिझेलमधील गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर उतरले. इंजिनाच्या धुरावर प्रक्रिया करणारी एक साखळीच गाडीच्या पोटाखाली बसली. काही धूर थंड करून पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह, पुढे उत्प्रेरक, त्यापुढे काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आणि काही मॉडेलांत नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर युरियाचे द्रावण फवारणारी एससीआर यंत्रणा. हवा स्वच्छ व्हावी म्हणून हे सारे आले आणि त्यात गैर काही नाही. श्वास कोल्हारकरही घेतात.

डीपीएफ काजळी अडवतो आणि भरला की ती जाळतो. त्यासाठी फिल्टर साडेपाचशे ते सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. भरलेली गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग वेगाने धावत असेल, तर हे काम बरेचसे आपोआप होते. तसे झाले नाही तर संगणक इंजिनात थोडे जादा डिझेल उशिरा फवारतो, त्याने धूर तापतो आणि काजळी जळते. या क्रियेला पंधरा-वीस मिनिटांची सलग धाव हवी असते आणि मध्येच इंजिन बंद केले की ती अर्धवट राहते. आता कोल्हारची पिकअप दिवसभर काय करते ते पाहावे. मळ्यातून चौकात, चौकातून लोणीला, तेथून बाभळेश्वरला. प्रत्येक फेरी दहा किलोमीटरच्या आतबाहेर, प्रत्येक टोकाला इंजिन बंद, मध्ये गतिरोधक, उसाच्या जुगाडी ट्रॉल्या आणि लग्नाची वरात. राहता राहिला महामार्ग. नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे जिल्ह्याबाहेरही ख्यातनाम आहेत. त्यावर सलग वीस मिनिटे एका वेगाने गाडी चालवणे हे चालकाच्या कौशल्यापेक्षा दैवाचे काम आहे. पुस्तिका मात्र शांतपणे सांगते की दिवा लागल्यास वाहन योग्य वेगाने काही काळ चालवावे. कोठे, ते सांगत नाही.

अर्धवट राहिलेल्या या क्रियेचा परिणाम अनपेक्षित जागी दिसतो. उशिरा फवारलेल्या डिझेलचा काही अंश सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतो. सकाळी ऑइलची काडी ओढून पाहावी तर पातळी खुणेच्या वर गेलेली असते आणि काडीवरच्या थेंबाला डिझेलचा वास येतो. जुन्या गाड्या ऑइल प्यायच्या, ही गाडी ऑइल वाढवते, असा आनंद काही दिवस टिकतो. मग पातळ झालेले ऑइल टर्बोच्या आणि क्रँकच्या बेअरिंगना आधार देईनासे होते. टर्बो शिट्टी मारू लागतो, गाडी ओढत नाही, चेक लाइट लागतो. सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डावर निदान उमटते : ऑइलची देखभाल अयोग्य. निदान खरेच आहे. ऑइल बिघडले होते, ते बिघडवणारी यंत्रणा गाडीसोबतच आली होती, आणि या दोन वाक्यांपैकी पहिलेच कार्डावर मावते.

द्रावणाची गोष्ट थोडक्यात सांगता येते. त्यात ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि उरलेले खनिजमुक्त पाणी असते. उसाच्या पट्ट्यात घरोघरी युरियाची गोणी असल्याने घरीच काढा करण्याचा मोह होतो. शेतीच्या युरियावर २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे. तो लेप आणि इतर अशुद्धी फवारणीचे तोंड व उत्प्रेरक बुजवतात. शिवाय अनुदानित खत दुसऱ्या कामाला वापरणे खत नियंत्रण आदेशाविरुद्ध आहे. इथे हमी नाकारली गेली तर पुस्तिकेची बाजू पूर्ण बरोबर. त्याच न्यायाने डीपीएफ कापून सरळ पाइप टाकणाऱ्यांनीही पुढे वॉरंटीचे नाव काढू नये. तो बदल कायद्यातही बसत नाही आणि धुराच्या तपासणीतही.

इंधनाचा वाद याहून अवघड आहे. आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल दीड ते दोन हजार बारच्या दाबाने नोझलमधून फवारले जाते आणि नोझलच्या आतल्या फटी मायक्रॉनमध्ये मोजाव्या लागतात. पाण्याचा अंश किंवा बारीक कचरा गेला की नोझल आणि हाय प्रेशर पंप दोन्ही जातात, आणि बिल काही वेळा गाडीच्या किमतीचा चांगला लचका तोडते. कंपनी म्हणते, भेसळीचे डिझेल. पंप म्हणतो, आमच्याकडचे नाही. मळ्यात ट्रॅक्टरसाठी पिंपात साठवलेले डिझेल अडीअडचणीला पिकअपमध्ये गेलेले असते, तेव्हा मालक गप्प बसतो. डिझेलची घनता पंपावर मागणी करून तपासता येते, पण ती भरण्यापूर्वी तपासायची असते. टाकीत गेलेल्या डिझेलचा कुळवृत्तांत कोणी सांगू शकत नाही. म्हणून एकाच पंपाची बिले जपून ठेवणे आणि फिल्टरखालचे पाणी ठरल्या वेळी सोडणे एवढेच हाती राहते. ‘पाण्याचा दिवा’ लागला की गाडी थांबवायची, ही गोष्ट मालकाला माहीत असते. रोजंदारीवरच्या चालकाला कित्येकदा कोणी सांगितलेलीच नसते.

आता गॅरेजकडे वळावे लागते. चौकातला मिस्त्री रात्री अकरालाही येतो, पाटा तुटला तर खाली सतरंजी टाकून तिथल्या तिथे बसवतो. त्याच्याकडे स्कॅनर असतो, पण तो कंपनीच्या संगणकात पूर्ण शिरू शकत नाही. आणि त्याने नट फिरवला की पुस्तिका रुसते. या रुसव्यावर भारतात एक मोठा निकाल झाला आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग व तपासणीची साधने खुल्या बाजारात न देणे हा मुख्य ठपका होता. स्वतंत्र गॅरेजात दुरुस्ती केली म्हणून सरसकट हमी रद्द, अशी अट घालू नये, असेही आयोगाने बजावले. प्रकरण मोटारींचे होते आणि पुढे अपिलात गेले. तरी मुद्दा पिकअपला तितकाच लागू पडतो. पाटा बाहेर बदलला म्हणून टर्बोची हमी का जावी, याचे तांत्रिक उत्तर अस्तित्वात नाही. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने संकेतस्थळ सुरू केले, त्यात वाहनांचाही समावेश आहे. तेव्हापासून हक्क सुस्थितीत आहे. दुरुस्तीचे पाहावे लागेल.

सर्व्हिस सेंटरमधला सल्लागार ‘कंपनीला मेल टाकलाय’ म्हणतो, तेव्हा तो टाळतोच असे नाही. हमीतील दुरुस्ती आधी डीलर करतो. निकामी पार्ट, फोटो आणि कागद कंपनीकडे जातात आणि दावा मंजूर झाला तरच डीलरला पैसे मिळतात. नामंजूर झाला तर खर्च त्याच्या गळ्यात. म्हणून तो हात आखडता घेतो, पार्ट मागवतो पण बसवत नाही आणि शेवटी ‘गुडविल’ नावाचा तोडगा पुढे करतो : निम्मे कंपनी, निम्मे मालक. गाडी उभी असते, हप्त्याची तारीख चालत असते, मालक होकार देतो. बहुतेक वाद असेच मिटतात आणि म्हणून कोणत्याही नोंदीत दिसत नाहीत.

जे मिटत नाहीत त्यांच्यासाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू त्यात बसत नाही आणि पिवळ्या नंबरप्लेटकडे बोट दाखवून कंपनीचे वकील पहिला आक्षेप हाच घेतात. पण स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानू नये, असे स्पष्टीकरण कायद्यातच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात उदाहरण म्हणून स्वतः चालवण्यासाठी रिक्षा किंवा ट्रक घेणाऱ्याला ग्राहक ठरवले आणि एखाददुसरा मदतनीस असला तरी बिघडत नाही असे म्हटले. चार पिकअप आणि चार पगारी चालक ठेवणाऱ्याला मात्र ही वाट सोपी नाही.

नवी गाडी बदलून मिळेल ही आशा बहुधा फोल असते. मारुती उद्योगच्या एका प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हमीच्या अटीत सदोष पार्ट बदलून देणे असेल, तर जबाबदारी तेवढीच. डीलरने केलेली लबाडी कंपनीच्या माथी आपोआप येत नाही, हेही २०२१ मध्ये गोव्यातील एका मोटारीच्या खटल्यात ठरले. जुने मॉडेल नवे म्हणून विकले गेले होते आणि कंपनीला ते माहीत असल्याचा पुरावा नव्हता. म्हणून तक्रारीत डीलर आणि कंपनी दोघांची नावे घालावी लागतात आणि कोणी काय केले ते वेगवेगळे मांडावे लागते.

तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत, मालक राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. कोल्हारच्या माणसाला कंपनीच्या मुख्यालयाचे गाव गाठावे लागत नाही. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, दहा लाखांपर्यंत दोनशे रुपये आणि वीस लाखांपर्यंत चारशे. दोष डोळ्यांना दिसणारा नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्यासाठी वस्तू जागेवर असावी लागते. निकामी नोझल किंवा टर्बो ‘कंपनीकडे पाठवला’ म्हणून एकदा आवाराबाहेर गेला की तपासायला काही उरत नाही. तेव्हा पार्ट उघडताना हजर राहून फोटो काढणे, त्याचा क्रमांक जॉबकार्डावर लिहून घेणे आणि नकार तोंडी न घेता कलम नमूद करून लेखी मागणे, एवढे सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच उरकावे लागते. कार्डावर सही करण्यापूर्वी ‘ग्राहकाची तक्रार’ या रकान्यात मालकाचे शब्द आहेत की सल्लागाराचे, तेही पाहून घ्यावे. ‘गाडी ओढत नाही, ऑइल वाढते’ या तक्रारीच्या जागी ‘जनरल चेकअप’ असे लिहिले गेले, तर पहिला बिघाड हमीच्या मुदतीतच झाला होता हे नंतर सिद्ध करता येत नाही.

कळावे, लोभ मुदतीनंतरही असावा.

समस्त पिकअपधारक, कोल्हार

सोबत : जॉबकार्डांच्या व डिझेल बिलांच्या छायाप्रती.
प्रत माहितीस्तव : चौकातील मिस्त्री. पुस्तिका त्यांनी वाचलेली नाही, पण तोंडपाठ आहे.