विंडसरदर्शन: सासूसासऱ्यांसह, सुखरूप

पुण्याहून लंडनला आलेल्या आईवडिलांना एप्रिलमध्ये विंडसरचा किल्ला दाखवणे हे इथल्या मराठी मुलासुनेचे आद्य कर्तव्य आहे. ते पार पाडण्याची रीत अशी.

सकाळी खिडकीतून ऊन दिसेल. ते फक्त पाहण्यासाठी असते. सासऱ्यांना माकडटोपी घालायला लावावी. ‘वसंत ऋतू आहे ना?’ या प्रश्नाला उत्तर देऊ नये. थेम्सवरचा वारा देतो.

पॅडिंग्टनहून निघून स्लाऊला गाडी बदलावी. पुढचा प्रवास सहा मिनिटांचा. तेवढ्यात डबा उघडू देऊ नये. किल्ल्याच्या दारावर विमानतळासारखी तपासणी होते. तिखटमिठाच्या पुऱ्यांना ‘ब्रेड’ म्हणून मोकळे व्हावे. मेतकूट म्हणजे काय, हे समजावत बसू नये, मागे रांग असते.

राजा घरी आहे का, हे बुरुजावरचा झेंडा सांगतो. युनियन जॅक असेल तर नाही. (‘आपण येणार हे कळवलं नव्हतंस का?’ असे सासूबाई विचारतील.) आत शिरल्यावर ‘चढायचं कुठून?’ हा सासऱ्यांचा प्रश्न. विल्यम द काँकररने अकराव्या शतकात बांधायला घेतलेला किल्ला, आणि दम म्हणून लागत नाही! सिंहगडाची आठवण निघेल, ती निघू द्यावी.

खरी कसोटी टिपू सुलतानाच्या सिंहासनावरच्या सोन्याच्या व्याघ्रमुखापाशी. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ते इंग्रजांनी उचलले. इथे सासऱ्यांचा आवाज चढतो. त्यांना आवरू नये, बोलतात ते खरेच असते. १७९२ च्या वेढ्याच्या वेळी मराठा सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन इंग्रजांच्याच बाजूला होते, हे मात्र घरी जाईपर्यंत काढू नये. शक्यतो नंतरही नाही.

उरला लाँग वॉक. किल्ल्याच्या फाटकापासून तिसऱ्या जॉर्जच्या अश्वारूढ पुतळ्यापर्यंत सरळसोट सव्वाचार किलोमीटर. घोडा पहिल्या पावलापासून समोर दिसतो, त्यामुळे सगळे ‘हे काय, आलंच’ म्हणत निघतात. तासाभराने घोडा तेवढाच दिसतो. वाटेत लाल हरणे भेटतील. या दिवसांत नरांची शिंगे गळतात आणि नवी मखमली खुंटासारखी फुटत असतात, तेव्हा ‘सगळ्या माद्याच का?’ या शंकेची तयारी ठेवावी. सतरंजी अर्ध्या वाटेतच अंथरावी, कारण परतीचे सव्वाचार कुणीच धरलेले नसतात.

एवढी तयारी मंगळवारी किंवा बुधवारी करू नये. त्या दिवशी किल्ला एरवी बंद असतो.