नळदुर्गात कॉट मिळेल

तुळजापुरात खोली शोधणाऱ्या पोराला पहिला प्रश्न येतो, "दर्शनाला आलाव का शिकायला?" भाविक नवरात्रात एका रात्रीचे जे देऊन जातो, त्यात पोराला महिना काढायचा असतो. खोली कोणाला द्यायची, हे ठरवायला घरमालकाला कौल लावावा लागत नाही.

म्हणून आमचा प्रस्ताव. याच तालुक्यात नळदुर्गचा किल्ला आहे. ११४ बुरूज, भरपूर मोकळी जागा, आणि फौज कधीच गेलेली. करा वसतिगृह.

दाखल्याअभावी फाईल अडू नये म्हणून तोही जोडतो. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत तात्पुरते ठेवले. १९४९ मध्ये त्याचे उल्हासनगर झाले. सरकारी 'तात्पुरते' किती टिकते, हे भाड्याच्या इमारतीतल्या कुठल्याही वसतिगृहाला विचारा.

खरी अडचण बांधकाम खात्याची. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये, किल्ल्यात बोरी नदीवर धरण झाले आणि त्याच्या पोटात पाणीमहाल. पावसाळ्यात अख्खी नदी डोक्यावरून कोसळते, आत बसलेला कोरडाच्या कोरडा. आमच्याकडे वरच्या मजल्यावर बादली लवंडली की खालच्याची वही भिजते. चारशे वर्षे न गळलेली वास्तू अंदाजपत्रकात बसवायची कशी? आधी तिला वॉटरप्रूफिंग करावे लागेल. ते झाले की ती रीतसर गळू लागेल, याविषयी आम्ही निश्चिंत आहोत.

नियमावली तयार आहे. रेक्टरांची खुर्ची उपळ्या बुरुजावर. तिथून पूर्वी शत्रू दिसायचा, आता गच्चीवर मोबाईल घेऊन बसलेले दिसतील. धरणावरून पडणाऱ्या नर-मादी धबधब्यांचे मात्र काहीतरी करावे लागेल. मुला-मुलींची वसतिगृहे वेगळी असताना हे दोघे सगळ्यांदेखत शेजारी शेजारी कोसळतात, हे शिस्तीत बसत नाही. मध्ये पत्रे लावावेत.

राहिला ताबा. १३ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाविरुद्धची पोलीस ॲक्शन सुरू झाली आणि सोलापूरकडून आलेल्या भारतीय सैन्याने त्याच दिवशी नळदुर्ग घेतला. जिल्ह्यात जागेचा ताबा पहिल्याच दिवशी मिळाल्याचे आम्हाला आठवणारे हे एकमेव उदाहरण. पण त्यांच्याकडे रणगाडे होते. पोरांकडे प्रवेश अर्ज, दोन फोटो आणि उत्पन्नाचा दाखला आहे. आणि तो ३१ मार्चला संपतो.