आधी दर, मग पाना

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्या उन्हात कूलरवाला मिस्तरी गच्चीवर चढतो, चटका देणारा पत्रा उघडतो, पंपात अडकलेला गवताचा गुंता काढतो. कूलर सुरू.

"किती झाले?"

"द्या ना भाऊ, जे समजते ते."

भाऊंना शंभर समजतात. खरं नुकसान इथंच होतं, कारण दर ठरवण्याचं काम मिस्तऱ्यानं गिऱ्हाइकावर सोडलं.

हिशेब मांडून पाहा. समजा घरखर्च महिना २०,०००, म्हणजे वर्षाचे २,४०,०००. पेट्रोल, हत्यारं, मोबाइल यांचे ४०,०००. पावसाळ्या-हिवाळ्यातल्या पंखा-गिझरच्या कामांतून ८०,००० आले, तर उरलेले दोन लाख कूलरच्या हंगामातच निघायला हवेत. मार्च ते जून कामाचे दिवस धरा १००, दिवसाला घरं पाच. मोटर वाइंडिंगला टाकणं आणि सामान आणणं यांतच बाकीचा वेळ जातो. कामं झाली ५००. एका कामाचे ४०० पडले! "पाच मिन्टाचं काम, एवढे काहून?" असं विचारणाऱ्याला हेच गणित सांगायचं, आणि पाना हातात घेण्याआधी सांगायचं. गच्चीवरून उतरल्यावर सांगितलेला दर गिऱ्हाइकालाही फसवणूक वाटतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

अमरावतीत राजापेठेतला डीटीपीवाला, लग्नाचे फोटो काढणारा, दुकानांचे हिशेब लिहिणारा, सगळ्यांचं दुखणं हेच. "घरचंच काम हाय" म्हणणारा माणूस घरच्या किराण्याचं बिल मात्र चुकतं करतो.

कंपन्यांची कामं करणाऱ्यांनी तर लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी आधी करावी. ती फुकट आहे आणि सेवा देणाऱ्यांनाही मिळते. २००६ च्या कायद्यानं अशा नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगांचं बिल लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण मुळात बिलच फाडलं नाही, तर व्याज कशावर मागणार?

मिस्तरीभाऊ, या हंगामात व्हिजिटचे किती आणि कामाचे किती, हे छापील कार्डावर लिहा आणि फोनवरच सांगा. आणि वाचकहो, तो दर पटला नाही तर कामाला नाही म्हणा, पण काम झाल्यावर घासाघीस करू नका.