बादलीवाले उद्योजक

सिल्व्हासात काचा पुसण्याचा स्वतःचा धंदा काढायला भांडवल किती? बादली, वायपर, जुने बनियन आणि शेजाऱ्याची शिडी. मग 'उद्यम' पोर्टलवर आधार क्रमांक टाकला की झालात सूक्ष्म उद्योजक, तेही फुकटात. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म म्हणजे यंत्रसामग्रीत २.५ कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल. थोडक्यात, आपली बादली आणि मसाटचा एखादा कारखाना एकाच पंगतीत! वाढप मात्र वेगळं.

खरी स्पर्धा वॉचमनशी. "एवढं तर आमचा वॉचमनच करतो," हे वाक्य प्रत्येक गेटवर तयार असतं. वॉचमन ओल्या वर्तमानपत्राने काच गोल गोल घासतो, आणि उन्हं आली की ती वर्तुळं मोजता येतात. त्यातून बोअरचं पाणी. ते वाळलं की पांढरे ठिपके उठतात, म्हणून वाळण्याआधी वायपर वरून खाली एका दमात ओढायचा, दर ओढीला त्याचं रबर पुसायचं. ही कला दाखवावी, तर मॅनेजरसाहेबांच्या काचेला आतून काळी फिल्म!

पावसाळ्यात कोणी बोलावत नाही. वरुणराजा बिल लावत नाही ना. दिवाळीला काम मिळतं, पैसे मात्र साहेब दमणहून आल्यावर. २६ जानेवारी २०२० ला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हे दोन्ही प्रदेश एक झाले, राजधानी दमणला गेली, तेव्हापासून ही सबब खासगी कंपनीतही सरकारी वाटते.